वाणाची वही

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की माझ्या टेबलावर याद्या यायला लागतात. मुलांचे गट, गटांचे विषय, कोण कुठल्या भागात फिरणार, कोणाच्या घरून अजून परवानगी यायची आहे. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी मास मीडियाच्या मुलांना शिकवते. तिसऱ्या वर्षाला त्यांना एक मासिक काढावं लागतं. एकच अंक. पण अंकाच्या आधी, तो कोण वाचणार हे शोधून काढायचं. लोकांच्या घरी जायचं, ते काय वाचतात, काय बघतात, काय ऐकतात ते विचारायचं आणि त्याचा अहवाल शिवमंदिराच्या जत्रेआधी माझ्याकडे द्यायचा. जत्रा लागली की अंबरनाथची निम्मी मुलं वर्गात नसतात. एकोणीस वर्षांत हे मला पाठ झालं आहे, म्हणून तारीख जत्रेच्या आधीची.

परवा नव्या तुकडीतली एक मुलगी विचारत होती, "मॅडम, घरोघरी जायलाच पाहिजे का? लिंक पाठवली तर दीडशे फॉर्म एका दिवसात भरून येतील."

"येतील," मी म्हटलं. "तरी जा."

"पण का?"

या प्रश्नासाठी माझ्याकडे कारणं तयार असतात. पहिलं, लिंक ज्यांच्यापर्यंत पोचते ते सगळे तुमच्यासारखेच असतात. दुसरं, माणूस फोनवर जितकं दडपून खोटं सांगतो तितकं समोर बसून सांगत नाही. तिसरं, घरात गेलात की पेपर कुठे ठेवलाय, टीव्हीसमोर कोणाची खुर्ची आहे, हे दिसतं. ते कोणी फॉर्ममध्ये लिहीत नाही. तीन कारणं मी सांगितली. चौथं वर्गात सांगता येत नाही. या दिवसांत ते आठवतं आणि मग दोन-तीन दिवस माझं कामात लक्ष लागत नाही. एरवी मी तशी नाही.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी होता. आमच्याकडे थंडी पडते ती फार तर पंधरा दिवस. सकाळी अंबरनाथ पश्चिमेला घरातून निघताना अंगावर शाल लागायची आणि अकरा वाजता उल्हासनगरला कॅम्प चारच्या गल्लीत उभं राहिलं की तीच शाल पिशवीत कोंबावी लागायची. थंडीत कारखान्यांचा वास खाली बसतो. कधी आंबूस, कधी जळक्या रबरासारखा. बाहेरून आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्हाला वास बदलला तरच कळतं.

त्या वर्षी एका गटात दोघंच उरली होती, कारण तिसरा मुलगा सेमिस्टर सोडून नोकरीला लागला होता. म्हणून त्या गटाबरोबर मी स्वतः फिरायचं ठरवलं. करण कॅम्प चारचा. त्याच्या वडिलांचं पुठ्ठ्याची खोकी बनवायचं वर्कशॉप आहे. ऋतुजा चिखलोलीची, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये जे नवे टॉवर उभे राहिले आहेत त्यातल्या एकात राहणारी. करण मराठीत सुरू करायचा आणि हिंदीत संपवायचा. ऋतुजा त्याला मध्येच थांबवून म्हणायची, "एक काय ते ठरव." तो म्हणायचा, "ठरवलं ना. दोन्ही."

त्या फिरण्यातलं बरंच आता आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. कॅम्प चारमधल्या एका सलूनमध्ये रोज एक पेपर येतो आणि तो वीस माणसं वाचतात. करणनं विचारलं, "मॅडम, वाचक किती धरायचे? एक की वीस?"

"वीस."

"पण सगळे एकच पान वाचतात. भविष्य."

जीन्स शिवणाऱ्या एका गाळ्यात दहा मशिनींच्या आवाजावर रेडिओ लावलेला होता. काय ऐकता म्हणून विचारलं तर कारागीर म्हणाला, "सुनता कौन है? बंद होता है तब पता चलता है." हे उत्तर कुठल्या रकान्यात घालायचं यावर आमची बसस्टॉपपर्यंत चर्चा चालली. करणच्या घरी गेलो तर त्याची दादी सिंधी पेपर वाचत बसली होती. त्या लिपीतलं एक अक्षर घरात दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. तिनं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, पान उलटलं आणि करणला काहीतरी म्हणाली. तो हसला. "विचारतेय, ही कोण मास्तरीण घेऊन आलास, नापास झालास का?"

पण प्रश्नावलीनं मला हवं ते मिळत नव्हतं. माणूस एकदाच भेटला की तो स्वतःबद्दल जे मानतो तेच सांगतो. "मी फक्त बातम्या बघतो," असं सांगणाऱ्या घरात मालिकेचं शीर्षकगीत आतल्या खोलीतून ऐकू येत असतं. त्यावर उपाय म्हणजे माध्यम-दैनंदिनी. सात दिवसांची वही द्यायची. चार रकाने: किती वाजता; काय पाहिलं-वाचलं-ऐकलं; किती वेळ; आणि का. वही रोज भरायची. मला ही पद्धत फार आवडते. मी स्वतः गेली पंचवीस वर्षं रोजची यादी लिहिते. दूध, बिल, फोन, औषध, कोणाला काय द्यायचं, कोणाकडून काय यायचं. झालं की टिक. लोकांनी आपला दिवस लिहून काढावा, यात काही जड जाण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

वह्या करणच्या वडिलांनी कापून दिल्या. आठवड्याचे सात कागद, वर पुठ्ठा, मध्ये दोन पिना. कोपरे गोल कापलेले, म्हणजे ती हातात टोचणार नाही. "मॅडम, बच्चों का काम है, फिनिशिंग तो होना चाहिए," असं म्हणून त्यांनी एक वही उलटीसुलटी करून दाखवली होती. पहिल्या पानावर मी सूचना लिहिल्या आणि त्याच्या प्रती चिकटवल्या. शेवटची सूचना अशी होती: "दुसऱ्या कोणासाठी तुम्ही लिहीत असाल, तर ती व्यक्ती जसं सांगेल तसंच लिहा. सुधारू नका."

वह्या द्यायच्या कशा, हा प्रश्न ऋतुजानं सोडवला. "मॅडम, आमच्या सोसायटीत शनिवारी हळदीकुंकू आहे. पंचवीसेक बायका येतील. वही वाण म्हणून दिली तर?"

करण म्हणाला, "वाण मतलब?"

"हळदीकुंकवाला आलेल्या बाईला काहीतरी वस्तू देतात ते. रिटर्न गिफ्ट समज."

"अच्छा, वो प्लास्टिक का डब्बा! मम्मीकडे असे बारा आहेत."

"या वर्षी डबा नाही. वही."

मला ही युक्ती इतकी पटली की मी तिथल्या तिथे यादी केली. मग ऋतुजाच म्हणाली, "पण सगळ्या येत नाहीत हं. वरच्या मजल्यावरच्या कांबळे काकू हे मानत नाहीत, बौद्ध आहेत त्या. माझी आजी येत नाही, आजोबा गेल्यापासून. आणखी दोघी-तिघी आहेत तशा." मी म्हटलं, बरोबर, नमुना एकांगी होईल, त्यांच्या वह्या दारावर नेऊन द्यायच्या. पाच वह्या बाजूला काढल्या. कोण येणार, कोण येणार नाही, दोन्ही लिहून झालं. मला वाटलं, कोणी सुटलं नाही.

सोसायटीचं ऑफिस तेव्हा अर्धवट होतं. भिंतींना प्लास्टर होतं, रंग नव्हता. बाहेर पाण्याचा टँकर उभा, त्याच्या मागे शेजारच्या टॉवरचं काम, खडी आणि धूळ. त्या धुळीतून बायका साड्यांचे काठ उचलून येत होत्या. चार महिन्यांपूर्वी राहायला आलेली माणसं. एकमेकींना नावापेक्षा फ्लॅटच्या नंबरानं ओळखत होत्या. "तुम्ही चारशे दोन ना? मी पाचशे एक." आत अत्तर, तिळगूळ आणि ओल्या सिमेंटचा वास एकत्र झाला होता.

कार्यक्रम संपत आला तेव्हा दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. सत्तरीचे, पांढरा शर्ट पँटीत नीट खोचलेला, चपला बाहेर काढलेल्या.

"नमस्कार. सावंत. बी विंग, सातशे तीन. आमच्या मिसेसचं वाण न्यायला आलोय."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "काका, हे बायकांचं असतं!"

"म्हणून तर. मी माझं कुठे मागतोय? तिचं मागतोय."

आणखी हशा झाला. तेही हसले. यजमानीणबाईंनी विचारलं, "काकूंची तब्येत बरी नाही का?"

"तब्येत उत्तम आहे. यायचं विसरते."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की सगळ्यांना ती थट्टाच वाटली. मलाही. कागदाच्या पुडीत हळद, दुसऱ्या पुडीत कुंकू, वर तिळगूळ आणि वही असं त्यांच्या हातात दिलं गेलं. त्यांनी तिथेच उभं राहून पहिलं पान वाचलं, सूचना आणि रकाने सगळं, आणि मला विचारलं, "तिच्यासाठी मी लिहिलं तर चालेल?" मी म्हटलं, चालेल. "जसं सांगेल तसं?" मी म्हटलं, हो, तेच महत्त्वाचं आहे. वही छातीशी धरून ते गेले. माझ्या यादीत मी लिहिलं: नलिनी सावंत, बी-७०३, वही पोच.

आठ दिवसांनी वह्या परत आल्या. त्या आम्ही ठेवून घेणार नव्हतो. एकदा दिलेलं वाण परत घेत नाहीत, हे ऋतुजानं आधीच बजावलं होतं. म्हणून पानांचे फोटो काढायचे, मी तपासायचं, आणि वह्या ज्यांच्या त्यांना परत.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. एकोणीस वर्षं मी मुलांच्या जर्नल्स तपासते आहे. आदल्या रात्री एका बैठकीत उतरवलेली जर्नल मला हातात घेतल्याबरोबर कळते. एकच पेन, एकच तिरकेपणा, एकाखाली एक ठेवलेल्या सारख्या ओळी. ही माझी विभागातली ख्याती आहे आणि मला तिचा थोडा अभिमानही होता.

त्या वह्यांमध्ये तीन तशा निघाल्या. पैकी दोघींनी ऋतुजापाशी हसत कबूल केलं: "अगं, शेवटच्या रविवारी भरली सगळी." तिसरी नलिनी सावंत यांची. अक्षर वळणदार, शाई एक आणि सातही दिवस तंतोतंत सारखे. सकाळी सात, रेडिओ, भजन, अर्धा तास, "चाल ओळखीची आहे म्हणून." अकरा वाजता एक जुनी मालिका, जुनाच भाग, "त्या सुनेचं पुढे काय होतं ते बघायचं म्हणून." दुपारी चार: खिडकी, एक तास, "क्रेन फिरते म्हणून." संध्याकाळी पुन्हा रेडिओ. असं सात वेळा. रोज चार वाजता खिडकी आणि रोज क्रेन.

मी लाल पेन घेतलं. खिडकीखाली रेघ मारून लिहिलं: "हे माध्यम नाही." आणि शेवटच्या पानावर, जर्नलवर लिहिते तसंच: "एका बैठकीत भरलेली. नक्कल. रद्द." खाली सही आणि तारीख. सवयीनं. समोर विद्यार्थ्याची जर्नल नाही, एका घरात आम्ही दिलेलं वाण आहे, हे माझ्या हाताच्या लक्षातच आलं नाही. ऋतुजानं वह्या गठ्ठ्यानं नेल्या आणि एकेका दारात दिल्या. तिनंही उघडून पाहिलं नाही.

वर्गात मी नेहमी सांगते की रद्द केलेलं उत्तरसुद्धा नोंदवायचं, वेगळ्या तक्त्यात, कारणासह. हा नियम माझाच. वह्या परत देऊन आठवडा झाला तेव्हा करण कॉम्प्युटरवर तो तक्ता भरत बसला होता. मी दुसऱ्या टेबलावर हजेरी लावत होते.

"मॅडम, एक डाऊट. सावंतांच्या वहीला जोडलेल्या फॉर्मवर लिहिलंय, घरातील माणसं: दोन. नवरा आणि बायको."

"मग?"

"मग ये गृहस्थ कौन है? तिसरा माणूस?"

मी उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यानं फोटो मोठा केला. संध्याकाळच्या रेडिओपुढे, "का" या रकान्यात, पहिले चार दिवस लिहिलं होतं: "आमचे हे लावतात म्हणून." पाचव्या दिवसापासून त्याच अक्षरात, त्याच शाईत, लिहिलं होतं: "ते गृहस्थ लावतात म्हणून."

"घरात दोघंच असतील तर डेटा चुकला ना, मॅडम?"

त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग परत स्क्रीनकडे. तो हुशार मुलगा आहे. मग फक्त म्हणाला, "अंकल ने खुद लिखा है. अपने हाथ से."

पाचव्या दिवशी संध्याकाळी घरात काय झालं असेल, याचा मी त्या रात्री फार विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी विचार केला तो माझ्या शेऱ्याचा. ती वही आता त्यांच्या घरात होती. त्यांनी ती उघडली असणार. सगळी उलटून पाहिली असणार.

दुसऱ्या दिवशी कामांच्या यादीत पहिलं मी तेच लिहिलं. पण गेले मात्र चार दिवसांनी. आधी अंतर्गत परीक्षेचे पेपर होते, मग विभागाची बैठक. दोन्ही कारणं खरी होती. आणि रोज संध्याकाळी ती ओळ टिक न होता पुढच्या पानावर जात होती. माझ्या यादीत असं सहसा होत नाही.

ऋतुजाबरोबर सातव्या मजल्यावर पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. इमारत नवी, लिफ्टला आतून अजून संरक्षक फळ्या ठोकलेल्या होत्या. दार काकांनीच उघडलं. "या, या. मॅडम ना? या." आवाजात काही नव्हतं, ना राग ना आश्चर्य.

नलिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. गोऱ्या, बारीक, इस्त्रीची सुती साडी. वेणी घातलेली होती, पण डावीकडे जरा सैल. ती घालणारा हात शिकाऊ होता हे दिसत होतं. त्यांनी आमच्याकडे पाहून छान हसून म्हटलं, "बसा ना. चहा घ्याल? हे गृहस्थ करतील."

"करतो की," काका म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

ऋतुजानं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही.

चहा आल्यावर मी सरळ विषयाला हात घातला, कारण मला दुसरं काही येत नाही. म्हटलं, "काका, माझी चूक झाली. तुमची वही मी नक्कल म्हणून रद्द केली. ती नक्कल नव्हती."

"तुमची कसली चूक हो?" ते म्हणाले. "मी कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. अठ्ठावीस वर्षं. सात पीस एकमेकांसारखे तंतोतंत आले, की मी पास करायचो. तुमच्याकडे ते नापास होतात, एवढंच." आणि हसले. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी एकेक सांगितलं, बायकोसमोरच, जसं आपण घरातल्या माणसासमोर हवापाण्याचं बोलतो तसं. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा. "पण बोलायचं काय? आमच्या पिढीत नवराबायको इतकं काय बोलतात? मी शिफ्टला, ती घरात. भाजी काय आणू, पाणी आलं का, पोरीचा फोन आला का. पोरगी आता लांब असते. नवं घर, पाण्याला टाइम नाही, भाजी मीच आणतो. बोलायचं संपलंच. मग ही वही आली. त्यात प्रश्न होते. विचारायला काहीतरी मिळालं."

"रोज विचारायचात?"

"सात वाजता. दिवा लावला की. 'नलू, आज काय काय पाहिलंस?' मग ती सांगायची. रेडिओ, ती सून, ती क्रेन. रोज तेच. पण सांगायची ना! 'का पाहिलंस?' तर त्याचंही सांगायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला विचारत होतो, तुला हे का आवडतं म्हणून." मग ते म्हणाले, "पाचव्या दिवसाचं तुम्ही वाचलंत का?"

"वाचलं," मी म्हटलं. "उशिरा."

"लिहू की नको असं झालं होतं. अर्धा तास पेन हातात. मग म्हटलं, सूचना दिलीय मॅडमनी. जसं सांगतील तसंच लिहा, सुधारू नका. लिहिलं."

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"वही परत आली," ते पुढे म्हणाले, "आणि तो शेरा वाचला. तुम्हाला लागू नये म्हणून सांगत नव्हतो, पण आता विषय निघालाच आहे तर सांगतो. मला वाटलं, आता कशाला? आपण आपलं खेळत होतो, लोकांना खोटं वाटलं. आठ-दहा दिवस विचारलंच नाही. मग मलाच करमेना. म्हटलं, वही गेली उडत, आपण विचारू. विचारलं तर…"

"तर?"

"बघत राहिली. प्रश्न कळतो तिला, असं मला वाटतं. उत्तर देत नाही."

डॉक्टरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, हे होणारच होतं. आठ दिवसांनी काय फरक पडतो. ऋतुजाच्या आईनंही मला नंतर तेच सांगितलं. मी ते खोडून काढू शकत नाही. पण आठ-दहा संध्याकाळी त्या घरात प्रश्न विचारला गेला नाही, आणि तो का विचारला गेला नाही ते मला माहीत आहे. एवढं माझ्या नावावर आहे.

अहवालाचं काय झालं, तेही सांगते. मासिक निघालं, बरं निघालं. अहवालात उत्तरदात्यांच्या संख्येपाशी मी मुलांना लिहायला लावलं: "सत्तावीस, आणि एक." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "हे 'आणि एक' काय प्रकरण आहे? सरळ अठ्ठावीस का नाही?" करण उभा राहिला. मला वाटलं हा आता हिंदीत काहीतरी ठोकून देईल. तो शुद्ध मराठीत म्हणाला, "सर, ते उत्तर आम्हाला मोजता आलं नाही. पण ते होतं." परीक्षकांनी एक गुण कापला. बरोबरच होतं, पद्धतशास्त्रात ते बसत नाही. मीही कापला असता.

माझ्या जुन्या याद्यांच्या वह्या मी एकदा कपाटातून काढल्या. कुठलाही आठवडा उघडावा. दूध. औषध. फोन. पेपर तपासणे. इस्त्री. सोमवार आणि गुरुवार यांत फरक शोधायला वेळ लागतो. आईला रोज एक फोन, हे त्यात रोज आहे, आणि ती काय म्हणाली हे कुठेच नाही. फक्त टिक.

आता मी मुलांना घरोघरी पाठवते तेव्हा लाल पेन कॉलेजात ठेवायला सांगते. काही मुलं हसतात. आणखी एक सांगते: सारखी उत्तरं आली तर आधी परत जाऊन विचारा. इतकंच. यातलं पुढचं सांगायला लागले तर तास संपेल.

त्या संध्याकाळी आम्ही निघायला उठलो तेव्हा काकांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजत होते. ते म्हणाले, "दोन मिनिटं बसता का? तुम्ही समोर आहात तर बघू." त्यांनी देवापाशी दिवा लावला, हात पुसले आणि खुर्ची ओढून ते नलिनीबाईंच्या समोर बसले. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"नलू," ते म्हणाले, "आज काय काय पाहिलंस?"

नलिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. खाली टँकर रिव्हर्स घेत होता, त्याचा आवाज येत राहिला आणि थांबला. आम्ही दोघी उभ्याच होतो. एक मिनिट गेलं असेल, कदाचित जास्त. शांतता मला सोसत नाही. वर्गात कोणी गप्प राहिलं की मी प्रश्न सोपा करून देते. मी पुढे झुकले आणि बोलायला तोंड उघडलं.

काकांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांबा," ते हळूच म्हणाले. "घाई करू नका. ती विचार करतेय."

आम्ही परत बसलो.